दुखेल का?

रुग्णालयाच्या तळघरात एक्स-रे काढणाऱ्या बाईंना दिवसाकाठी सत्तर-ऐंशी माणसं भेटायची आणि प्रत्येकाशी त्या जेवढ्यास तेवढंच बोलायच्या. गळ्यातलं काढून ठेवा. हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. झालं, बाहेर बसा. एवढ्यात माणूस निघून जायचा आणि दुसरा आत यायचा. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. वरच्या मजल्यांवरचे लोक त्यांना पाठीमागे 'तळघरबाई' म्हणत. आपल्याला हे नाव पडलंय हे बाईंना ठाऊक होतं, पण त्यात त्यांना वावगं वाटत नसे. सकाळी आठला पायऱ्या उतरायच्या, चारला चढायच्या. मधल्या वेळात बाहेर ऊन आहे की पाऊस, ते येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळायचं.

आई केव्हाच गेलेली, घरी फक्त वडील. एकेकाळी ते दारोदार फिरून शिवणयंत्रं विकायचे. ज्या घरी सुई घ्यायचाही विचार नाही त्या घरी यंत्र ठेवून यायचे, अशी त्यांच्या बोलण्याची ख्याती होती. मग लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. डोकं शाबूत होतं, समोरच्याचं सगळं कळायचं, पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा, 'तेच'. भूक लागली तरी तेच, पंखा लावायचा तरी तेच, राग आला तरी तेच, फक्त मोठ्यानं.

सुरुवातीला बाई त्यांच्याशी भरभरून बोलायच्या. दवाखान्यात काय झालं, कोण आलं, कोण भांडलं. पण ऐकता ऐकता वडिलांचा चेहरा कसनुसा व्हायचा. ओठ हलायचे, मधेच काहीतरी सांगायचं असायचं, आणि येऊन जाऊन तेच. ज्याच्या ताटात काही वाढलेलं नाही त्याच्यासमोर बसून आपण जेवतोय असं बाईंना वाटू लागलं. हळूहळू त्यांनीही बोलणं आवरतं घेतलं. बोट दाखवायचं, मान हलवायची, भांडं वाजवायचं. अशी नऊ वर्षं गेली. धाकटा भाऊ लांबच्या शहरात होता. रविवारी फोन करायचा. "बाबा कसे आहेत?" "ठीक आहेत." "तू?" "मीही ठीक." मग दोघांनाही पुढे काही सुचायचं नाही आणि फोन बंद व्हायचा.

वडील गेले आणि घरात बोलायला कोणाची आडकाठी उरली नाही. पण बोलायला माणूसही उरलं नाही.

आपली बोलायची सवयच मोडलीय, हे बाईंना कळलं ते मात्र चारचौघांत. चार महिन्यांनी मेट्रनबाई निवृत्त झाल्या. वडिलांच्या आजारपणात याच मेट्रनबाईंनी बाईंची पाळी कधी रात्रीची लागू दिली नव्हती, कधी अर्ध्या दिवसाची रजा नाकारली नव्हती. निरोपाच्या कार्यक्रमात कोणीतरी बाईंचं नाव पुकारलं, 'दोन शब्द बोला' म्हणून. बाई उठल्या. बोलायचं मनात खूप होतं. "मेट्रनबाईंनी..." एवढं म्हणाल्या आणि पुढचा शब्द येईना. समोर साठेक माणसं बसलेली. मिनिटभर बाई तशाच उभ्या राहिल्या, हातातला रुमाल पिळत. शेवटी मागच्या रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. चांगलं बोलल्यावर वाजतात तशा नव्हे. लहान मूल पडलं की त्यानं रडू नये म्हणून मोठी माणसं वाजवतात, तशा.

त्या टाळ्या बाईंच्या जिव्हारी लागल्या. खाली येऊन त्या काचेमागच्या खुर्चीत बसून राहिल्या.

शेजारच्या खोलीत व्यायामोपचाराचा विभाग होता. तिथली मुलगी तिशीची असेल. कोणाचे गुडघे वाकव, कोणाचे खांदे फिरव, असं तिचं काम. तिच्या खोलीत फोनवर दिवसभर कोणीतरी बोलत असायचं. सायकल मारणाऱ्या रुग्णांना कंटाळा येऊ नये म्हणून ती पॉडकास्ट लावून ठेवायची. त्या दिवशी ती चहाचे दोन कप घेऊन आली आणि काही न विचारता बसली.

"माझं तोंडच उघडलं नाही," बाई म्हणाल्या.

"पाहिलं मी."

"नऊ वर्षं खुणांवर काढली. आता बोलायला गेलं की वाटतं, दुसऱ्याच कोणाच्या तोंडानं बोलायचंय."

व्यायामवालीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, गुडघा नऊ वर्षं हलवला नाही तर तो पण असाच करेल. मी पेशंटला पहिल्या दिवशी चालायला लावत नाही. नुसतं पलंगावर पाय हलवा म्हणते. तुम्ही फोनमध्ये बोला. समोर कोणी नाही, हसायला कोणी नाही. आवडलं नाही तर पुसून टाका."

"बोलू काय?"

"ते तुम्ही ठरवा. रोज दोन मिनिटं."

बाईंनी त्याच रविवारी सुरुवात केली. स्वयंपाकघरात बसून चाळीस सेकंद बोलल्या आणि ऐकलं. हा आवाज आपला नाहीच. थेट आत्याचा, तसाच बारीक आणि कुरकुरता. शिवाय मागून फ्रिजची घरघर. पुढच्या वेळी त्यांनी फ्रिज बंद केला, आणि बोलण्याच्या नादात परत चालू करायला विसरल्या. संध्याकाळपर्यंत दूध नासलं. स्वयंपाकघरात आवाज घुमतो हेही लक्षात आलं. मग त्या वडिलांच्या खोलीत गेल्या. तिथे गाद्या होत्या, जाड पडदा होता, कपाटात गोधड्या भरलेल्या होत्या. आवाज कसा दाबून बसवल्यासारखा यायचा. फ्रिज तेवढा बंद करून, वडिलांच्याच पलंगावर बसून, फोन उशीला टेकवून त्या बोलू लागल्या. त्या खोलीत एवढं मोठ्यानं बोलताना पहिले काही दिवस त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

व्यायामवालीला ऐकवायला म्हणून त्यांनी एक मजकूर लिहून काढला. विषय, छातीचा एक्स-रे. तीन पानं लिहिली, वाचली, तिला पाठवली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, रागावू नका. हे परिपत्रक झालंय."

"माहिती चुकलीय का?"

"माहिती सगळी बरोबर आहे. पण तुम्ही नोटीस बोर्डाशी बोलताय. आणि वाक्याचा शेवट गिळताय. 'छातीचा एक्स-रे काढताना...' आणि पुढे विहिरीत."

तेही खरं होतं. वडिलांसमोर बोलताना बाई वाक्य अर्धवट सोडायला शिकल्या होत्या. सुरू केलेलं पूर्ण करून दाखवणं त्यांना क्रूरपणाचं वाटायचं. आता ती सवय हट्टाला पेटली होती. त्यांनी उपाय शोधला. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत वर्तमानपत्रातली एक बातमी उभं राहून मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ओट्यावर बोट टेकवायचं. बोट टेकेपर्यंत आवाज सोडायचा नाही. मग लिहिलेलं वाचणं बंद केलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार मुद्दे लिहून घ्यायचे आणि बाकी मनानं बोलायचं. मनानं बोलताना 'म्हणजे' फार यायचा. एकदा पेन घेऊन बसल्या आणि प्रत्येक 'म्हणजे'ला एक रेघ मारली. नऊ मिनिटांत एकतीस. पुढच्या आठवड्यात बावीस. दोन महिन्यांनी सहा. सहाच्या खाली काही तो उतरला नाही, मग त्यांनी नाद सोडला.

अवघड होतं ते वेगळंच. व्यायामवाली म्हणायची, "एका माणसाशी बोला. ओळखीतलं कोणीतरी समोर बसलंय असं समजा."

बाई घरी आल्या आणि असं माणूस शोधू लागल्या. भाऊ? त्याच्याशी चार वाक्यांपलीकडे कधी जमलं नव्हतं. मेट्रनबाई मुलाकडे राहायला गेल्या होत्या. शाळेतल्या मैत्रिणी होत्या, पण त्यांचे चेहरे शाळेतलेच आठवत होते. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात हसायच्या, तेवढंच. एकेक माणूस तपासून बाजूला ठेवता ठेवता दुपार गेली, आणि आपल्याकडे असं एकही माणूस नाही हे बाईंच्या लक्षात आलं. रडू आलं नाही. मोकळ्या कपाटात पुन्हा पुन्हा हात घालून पाहावा, तसं वाटलं.

माणूस सापडलं ते कामावर. एक बाई मणक्याचा एक्स-रे काढायला आली होती, टेबलावर आडवी झाली आणि एकदम बाईंचा हात धरून म्हणाली, "दुखेल का?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न हजारो वेळा आला होता आणि बाईंनी "नाही, हलू नका" एवढंच उत्तर दिलं होतं. त्या दिवशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "दुखणार नाही. टेबल गार लागेल. वरून टक्‌ असा आवाज येईल, तो यंत्राचा, तुमच्या हाडाचा नव्हे." टेबलावरची बाई हसली. तिचा हात सैल पडला.

त्या रविवारी ती समोर आहे असं समजून बाई फोनमध्ये बोलल्या. व्यायामवालीच्या मदतीनं ते पॉडकास्ट म्हणून लोकांसाठी टाकलं आणि नाव ठेवलं 'दुखेल का?'. प्रत्येक भागात एक तपासणी. दाराआड काय होतं, कपडे कुठे ठेवायचे, यंत्र केवढं असतं, कुठे गार लागतं, कुठे घाबरायला होतं आणि किती वेळ. नाव सांगायचं नाही, मी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात काम करते, एवढंच.

पहिला भाग सात वेळा ऐकला गेला. त्यात चार वेळा बाई स्वतः आणि एकदा व्यायामवाली. दुसरा अकरा वेळा. तिसऱ्या महिन्यात आकडा चाळिसावर गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. पण बाईंच्या कामावर फरक दिसू लागला होता. आता त्या माणसाला आत घेताना त्याच्याकडे बघायच्या. एखादं वाक्य जास्तीचं बोलायच्या. माणसंही मग बोलायची. कपडे बदलायच्या आडोशामागून माणूस किती बोलतो हे त्यांना इतकी वर्षं कधी कळलंच नव्हतं.

अशातच ते आजोबा आले. सत्तरीच्या पुढचे, एकटे. छातीचा एक्स-रे होता. सदरा काढून ठेवला आणि खिशातून कंगवा काढून नीट भांग पाडला. बाई म्हणाल्या, "आजोबा, केस येत नाहीत यात."

"असू द्या," आजोबा म्हणाले. "फोटो आहे ना."

त्यांनी उभी हयात भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवली होती. जाताना काचेआडच्या पडद्यावर त्यांची नजर गेली. ते वाकून बघू लागले आणि म्हणाले, "हे तर नदीचं खोरं दिसतंय. हा मुख्य प्रवाह, या उपनद्या. आणि हा इथे कोणीतरी बंधारा घातलाय." त्यांचं बोट बरोबर फुफ्फुसावरच्या पांढऱ्या डागावर होतं. बाईंनी सांगितलं, हे मी वाचायचं नसतं, डॉक्टर सांगतील. आजोबा मान डोलावून म्हणाले, "नकाशा वाचणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही."

दुसऱ्या वेळी आले तेव्हा म्हणाले, "घरी मुलगी आहे. तिला सांगून आलोय वाचनालयात जातो म्हणून. ती आधी रागावते, मग रडते. रागावलेली चालते मला."

बाईंनी त्या रविवारी त्यांच्यावर भाग केला. नाव अर्थात सांगितलं नाही. कंगवा सांगितला, नदीचं खोरं सांगितलं, बंधारा सांगितला, वाचनालय सांगितलं. कागदावर एकही मुद्दा लिहिला नव्हता. सतरा मिनिटं त्या सलग बोलल्या, एकही शब्द अडला नाही, आणि शेवटचं वाक्य शेवटपर्यंत गेलं. ऐकताना त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

तो भाग पसरला. कसा ते कळलं नाही. आठवड्यात नऊशे, मग दोन हजार, मग चार हजार. अनोळखी माणसं लिहू लागली. कोणी लिहिलं, मी गाडी बाजूला घेऊन ऐकलं. कोणी लिहिलं, तुमच्या आवाजात माया आहे. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. उपाहारगृहातला चहावाला म्हणाला, "तो आवाज तुमचाच ना?" आणि कप भरून दिला. भावाचाही फोन आला, रविवार नसताना. "ताई, ऑफिसात लोक ऐकतायत. आवाज ओळखून मी सांगितलं, ही माझी बहीण." बाईंना त्या संध्याकाळी घर रोजच्याएवढं रिकामं वाटलं नाही.

आजोबा तिसऱ्यांदा आले ते चाकाच्या खुर्चीवरून, वॉर्डबॉयबरोबर. भांग पाडायला हात वर गेला नाही. बाईंनी त्यांच्या खिशातून कंगवा काढून भांग पाडला. भागाबद्दल सांगावं असं एकदा मनात आलं, पण त्यांना धाप लागली होती.

त्यानंतर महिन्याभराने, जेवणाच्या सुट्टीत, दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला ऑफिसची पिशवी. आत आली, पण दिलेल्या खुर्चीत बसली नाही.

"कंगवेवाले आजोबा," ती म्हणाली, "ते माझे बाबा."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"गेले ते. तीन आठवडे झाले. काल बसमध्ये एका मैत्रिणीनं ऐकायला दिलं, म्हणाली, फार सुंदर आहे. नदीच्या खोऱ्यापाशी मला कळलं कोण आहे ते." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही तो भाग टाकलात ती तारीख मी पाहिली. तेव्हा बाबांकडे अकरा आठवडे होते. तुम्हाला माहीत होतं. चार हजार लोकांना माहीत होतं. मी रोज संध्याकाळी त्यांना विचारत होते, आज वाचनालयात काय वाचलंत."

बाईंची बोलती बंद झाली. निरोपाच्या कार्यक्रमात झाली होती, अगदी तशी. सांगण्यासारखं होतं. नियमानं मी घरच्यांना कळवू शकत नाही, हे खरं होतं. मी नाव घेतलं नाही, हेही खरं होतं. पण जे मुलीला सांगायला नियम आड आला, ते चार हजारांना सांगताना तो कुठे गेला होता, याचं उत्तर नव्हतं. बाईंना ती सतरा मिनिटं आठवली. आपण केवढ्या खुशीत होतो, ते आठवलं.

"मी चुकले," त्या म्हणाल्या.

ती बाई जाईल असं वाटलं. ती गेली नाही. भिंतीवरच्या, किरणं अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अजून काय बोलले ते? जे तुम्ही त्यात सांगितलं नाही."

बाईंनी दार लावून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. तिन्ही भेटी, पहिल्यापासून. सदरा कसा घडी करून ठेवला. थंडी वाजतेय म्हणाले ते. मुलीच्या हाताला आईसारखीच चव आहे पण तसं सांगितलं तर तिला आई आठवेल म्हणून सांगत नाही, असं म्हणाले होते ते. ती रागावते, मग रडते, हेही पुन्हा सांगितलं, कारण आता काही हातचं राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या वेळी भांग मी पाडला, डाव्या बाजूनं, तो बरोबर होता का ते माहीत नाही.

"डाव्याच," ती बाई म्हणाली.

अर्धा तास झाला. बाहेर बाकावर माणसं जमली होती. बोलताना कुठला शब्द अडला, कुठला नाही, हे बाईंच्या लक्षातही आलं नाही. शेवटी मुलीनं पिशवी खांद्यावर घेतली. "तो भाग काढून टाका," म्हणाली. आभार मानले नाहीत, माफ केलं असंही म्हणाली नाही. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज वरपर्यंत ऐकू आला.

बाईंनी त्याच संध्याकाळी भाग काढला. व्यायामवाली म्हणाली, "सगळा कशाला? ओळखू येईल तेवढं कापा." बाई म्हणाल्या, "ओळखू येईल ते कापलं तर आजोबाच उरत नाहीत. ते माझे नव्हतेच, तर कापू काय?" दुसऱ्या दिवशी त्या आपणहून विभागप्रमुखांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे आधी विचारायला हवं होतंत." लेखी ताकीद मिळाली. यापुढे रुग्णांबद्दल एक अक्षर नाही. बाईंनी सही केली. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर कागद लागलेला तो पहिलाच.

लोक काही दिवस विचारत राहिले, तो नदीचा भाग कुठे गेला म्हणून. मग विचारायचे थांबले. दीड महिना बाईंनी वडिलांच्या खोलीचं दार उघडलं नाही. त्याच सुमारास व्यायामवालीची बदली झाली. जाताना ती गळ्यात पडली, फोन करते म्हणाली, आणि दोनदा केलाही. शेजारच्या खोलीला कुलूप लागलं. तळघरात आता भिंतीपलीकडून कोणी बोलायचं नाही.

त्या शांततेत बाईंच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. मुलीला जे माहीत असायला हवं होतं ते परक्यांना आधी कळलं. आणि आपण? भावाला नऊ वर्षं 'ठीक आहेत' सांगत आलो. बाबांचा राग त्याला कधी सांगितला नाही. ताट भिरकावलं होतं त्या दिवशीचं, की अंघोळ घालताना ते डोळे मिटून घ्यायचे ते. त्याला लांब राहून काय कळणार, असं मनात म्हणायचं आणि वरून ठीक म्हणायचं. कळू दिलं नव्हतं ते आपणच.

एका रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी सुरुवात केली. भाऊ आधी "हो, हो" म्हणत होता, मग तेही थांबलं. नऊ-दहा मिनिटं झाली.

"ताई, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारत होतास, मी ठीक म्हणत होते. माझी चूक आहे ती."

"मला वाटायचं, तू आहेस म्हणजे सगळं बरं चाललंय." मागून कोणीतरी त्याला हाक मारली. "बाहेर जायचंय आम्हाला. नंतर बोलू?"

"बोलू," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि पुढचा सबंध दिवस मोकळाच होता.

त्यांनी वडिलांची खोली उघडली. पडदा झटकला, पलंगावर बसल्या, फोन उशीला टेकवला आणि वडिलांबद्दल बोलल्या. शिवणयंत्रं विकणारा, यंत्राला तेल घालताना गुणगुणणारा माणूस, आणि त्याचा उरलेला एक शब्द. आपण त्याच्यासमोर गप्प राहायला लागलो ती दया होती की कंटाळा, हे अजून ठरत नाही, हेही बोलल्या. आईबद्दल थोडं बोलल्या. दोन ठिकाणी अडल्या, ते तसंच राहू दिलं. 'म्हणजे' अकरा वेळा आला.

पण प्रसिद्ध केलं नाही. आधी भावाला पाठवलं. बाबा तुझेही होते, ऐकून सांग, तू नको म्हणालास तर टाकणार नाही, एवढं लिहिलं.

सोमवारी उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही. बाई कामावर मधूनमधून फोन बघायच्या आणि उलटा ठेवायच्या. ऐकलंच नसेल. ऐकून रागावला असेल. बुधवारी दुपारी, एका माणसाचं मनगट पट्टीवर सरळ ठेवत असताना, खिशात फोन थरथरला. त्यांनी आधी मनगटाचा एक्स-रे काढला, माणसाला बाहेर बसवलं आणि मग वाचलं.

भावानं लिहिलं होतं, "चौदाव्या मिनिटाला चुकली आहेस. यंत्राला तेल घालताना गुणगुणायचे ते बाबा नाही, आई. बाबांना सूर नव्हता. बाकी टाक."

बाईंनी ते तीनदा वाचलं. खरंच, आईच. इतकी वर्षं ते गुणगुणणं त्यांनी वडिलांच्या नावावर लावून ठेवलं होतं, आणि सांगणारं कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी ते एक वाक्य नव्यानं ध्वनिमुद्रित केलं. आधीच्या वाक्याशी आवाज जुळेना; कधी वर लागायचा, कधी घाईचा वाटायचा. आठव्या वेळी जुळला. मग भाग टाकला, फ्रिज चालू केला आणि चहा ठेवला. संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांनी ऐकला होता.